शेर्पांच्या गावांतून नऊ दिवस : पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी गणपती झाले की ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्प होईल का? दहा-अकरा दिवस आहेत." माझं उत्तर ठरलेलं असतं. बेस कॅम्प पुढच्या खेपेला. पहिल्या खेपेला नेपाळमधल्या लुक्ल्याहून नामचे, नामचेहून खुमजुंग आणि तिथून परत, एवढंच करा. एव्हरेस्ट दिसतो, अमा दबलम तर अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो, परतीचे दोन दिवस सोडले तर रोज चार-पाच तासांपेक्षा फारसं चालावं लागत नाही. आणि बेस कॅम्पच्या घाईत जी गावं लोक नुसती ओलांडून जातात, त्या गावांत राहायला मिळतं. मी या वाटेने तीनदा गेले आहे. तिन्ही वेळा माझ्यासोबत हिमालय कधीच न पाहिलेली माणसं होती. त्यांना जे सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते.

शेर्पा म्हणजे कोण

आपल्याकडे 'शेर्पा' हा शब्द ओझं वाहणाऱ्या माणसासाठी सर्रास वापरतात. तो चूक आहे आणि तिथे कुणाला तसं म्हटलं तर समोरच्याला ते लागतंही. शेर्पा ही एक जमात आहे. 'शार' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे लोक, पूर्वेकडून आलेले ते शेर्पा. साधारण पाचशे वर्षांपूर्वी तिबेटच्या खाम प्रांतातून ही मंडळी डोंगर ओलांडून खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या मुलखात उतरली. त्यांची भाषा तिबेटीच्या कुळातली, धर्म बौद्ध. वाटेत पाठीवर डोको, म्हणजे बांबूची मोठी टोपली घेऊन चालणारे बरेच जण शेर्पा नसतातच. ते राई, तामांग, मगर असतात, खालच्या खोऱ्यांतून कामासाठी वर आलेले.

एक गोष्ट जायच्या आधीच पाठ करून घ्या, फार उपयोगी पडते. शेर्पांमध्ये पुष्कळांची नावं जन्मवारावरून ठेवतात. रविवारी जन्मला तो निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंगमा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेम्बा. मुलगा असो की मुलगी, नाव तेच. त्यामुळे एका लॉजमध्ये दोन पासांग आणि तीन दावा सहज भेटतात. नाव कळलं की "म्हणजे तुमचा जन्म शुक्रवारचा" एवढं म्हणून बघा, समोरचा चेहरा लगेच खुलतो.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. पाऊस संपलेला असतो, हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते. मात्र दसरा-दिवाळीच्या दिवसांत गर्दीही तेव्हाच असते आणि नेपाळात दसैं आणि तिहार हे मोठे सण त्याच सुमारास येतात. गाईड-पोर्टर घरी गेलेले असतात, म्हणून बोलणी ऑगस्टमध्येच उरका. मार्च ते मे हा दुसरा हंगाम. तेव्हा दुपारी ढग येतात, पण जंगलात लालीगुराँस फुललेला असतो. म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडात त्याला बुरांश म्हणतात. पावसाळ्यात जाऊ नका. ढगांमुळे डोंगर दिसत नाहीत आणि विमानं दिवसेंदिवस अडकून पडतात. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असतं, वाट रिकामी असते, पण रात्री खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली गोठते. पहिल्या खेपेला ती थंडी नको.

कागदपत्रं, पैसे, विमा

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्याकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयाच्या माणसांचं आधार कार्ड विमानप्रवासासाठी चालत नाही आणि या एका कारणाने लोक विमानतळावरून परत फिरले आहेत. मुंबईहून काठमांडूला थेट किंवा दिल्लीमार्गे जाता येतं. वेळ हाताशी असेल आणि खर्च कमी करायचा असेल, तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरपर्यंत कुशीनगर एक्सप्रेस, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे बस. या मार्गाने दोन दिवस जास्त धरा आणि काठमांडूत एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. वर आपल्या नोटांच्या भरवशावर राहू नका, काठमांडूतच नेपाळी रुपये करून घ्या. लुक्ल्यात आणि नामचेत एटीएम आहेत, पण वीज किंवा नेटवर्क गेलं की तीही बंद. मोबाईलचं नेपाळी सिम काठमांडूतच घ्या, त्यासाठी ओळखपत्राची प्रत आणि फोटो जवळ ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका.

परवाने दोन लागतात. एक खुंबू पासाङ ल्हामु गाउँपालिकेचा, तो लुक्ल्यात मिळतो. दुसरा सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा, मोंजोच्या नाक्यावर. तिथे भारतीयांना सार्क देशांचा सवलतीचा दर लागतो, म्हणून आपण भारतीय आहोत हे आधीच सांगा आणि ओळखपत्र दाखवा. विमानाच्या तिकिटालाही भारतीयांसाठी वेगळा दर असतो का, हे विचारूनच तिकीट काढा.

विमा काढताना दोन ओळी नीट वाचा. किती मीटर उंचीपर्यंत तो लागू आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवासविम्यात या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा नसतात.

गाईड आणि पोर्टर

वाट सापडत नाही म्हणून गाईड घ्यायचा, असं नाही. वाट इतकी ठळक आहे की चुकायला जागाच नाही. गाईड लागतो तो विरळ हवेत तुमचा चेहरा वाचायला. "डोकं थोडं दुखतंय" आणि "डोकं दुखतंय" यातला फरक त्याला कळतो. शिवाय घरोघरी त्याची ओळख असते. स्वयंपाकघराच्या आत बसायला मिळणं आणि बाहेरच्या हॉलमध्ये मेनूकार्ड चाळत बसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शक्य झालं तर खुंबूतलाच माणूस घ्या आणि ठरवण्याआधी त्याच्याशी फोनवर स्वतः बोला. हिंदी बहुतेकांना येतं.

दोन जणांत एक पोर्टर पुरतो. प्रत्येकाने त्याच्याकडे दहा किलोपर्यंतच सामान द्यायचं. त्याचा विमा आहे का, त्याच्या अंगावर गरम कपडे आणि पायात धड बूट आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघा. नसतील तर लुक्ल्यात घेऊन द्या. माझ्या पहिल्या ट्रेकला आमच्या पोर्टरदाजूंच्या पायात कॅनव्हासचे फाटके बूट होते आणि ते आमच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, नामचेत. ते मला अजून टोचतं.

शरीराची तयारी आणि सॅक

सह्याद्रीत चालणाऱ्यांना चढ नवा नाही. मोंजो ते नामचे हा या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ, आणि तो आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतकाच भरतो, सहाशे-सातशे मीटर. निघण्याआधी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा पाच-सहा किलो वजन घेऊन सिंहगड किंवा तुमच्या जवळचा कुठलाही डोंगर चढा. उतरताना घाई करू नका, गुडघ्यांची खरी तयारी उतारावरच होते. डोंगर जवळ नसेल तर जिने चढा.

फरक आहे तो हवेचा. कळसूबाई १,६४६ मीटर. लुक्ल्याला विमानातून पाय खाली ठेवला की तुम्ही २,८४५ मीटरवर असता, म्हणजे चालायला सुरुवात होते तीच महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा हजार-बाराशे मीटर वरून. नामचेला श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच उरतो. पायांत कितीही ताकद असली तरी यावर तिचा काही इलाज नाही.

सामानात चांगले, घरी महिनाभर वापरून रुळवलेले बूट सगळ्यात महत्त्वाचे. थर्मलचे दोन जोड, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, एक जाड डाऊन जॅकेट, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, गॉगल, हेडटॉर्च, दोन चालायच्या काठ्या. डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात, त्यासाठी विकत घेऊन बसू नका. एक लिटरच्या दोन बाटल्या आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या न्या. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं पाणी विकत घेत गेलात तर प्रत्येक बाटली मागे कचरा होऊन उरते, आणि तो कचरा खाली न्यायला तिथे गाडी येत नाही. लुक्ल्याच्या विमानात साधारण पंधराच किलो नेऊ देतात, हातातली सॅक धरून. घरून नेण्यासारखं खरं तर थोडंच आहे. लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, सुंठ-गुळाच्या वड्या. भूक मरते तेव्हा चिमूटभर चटणीने चार घास जातात.

लुक्ला गाठणं

काठमांडूत एक संध्याकाळ बौद्धनाथला घालवा. तिथे स्तूप उजव्या हाताला ठेवून कोरा, म्हणजे आपल्यासारखीच प्रदक्षिणा, घालणाऱ्या आज्या बघा. पुढचे नऊ दिवस हीच दिशा लक्षात ठेवायची आहे.

हंगामात लुक्ल्याची बहुतेक विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री एक-दोनला जीपने निघायचं, चार-पाच तास घाटरस्ता, आणि मग वीसेक मिनिटांचं उड्डाण. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आहे आणि ती चढावर बांधली आहे. विमान डोंगराकडे चढत थांबतं आणि दरीकडे उतरत उडतं. शाळा आणि दवाखान्याचं सामान वर नेता यावं म्हणून एडमंड हिलरींनी १९६४ मध्ये गावकऱ्यांकडून जमीन घेऊन ती करवून घेतली. आज तिला तेनझिंग-हिलरी विमानतळ म्हणतात.

ढग आले की उड्डाण रद्द. यात कुणाचा दोष नसतो, म्हणून परतीच्या बाजूला दोन दिवस मोकळे ठेवा. काठमांडूहून घरचं तिकीट लुक्ल्याच्या विमानाच्या दुसऱ्याच दिवशीचं कधीही काढू नका.

पहिले दोन दिवस : फाकदिंग आणि मोंजो

लुक्ल्यात चहा-नाश्ता करून निघालात की गावाच्या टोकाला एक कमान लागते. ती पासाङ ल्हामु शेर्पा यांच्या स्मरणार्थ आहे. १९९३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री. उतरताना त्यांचा मृत्यू झाला. कमानीखालून वाट चक्क उतरायला लागते. पहिल्या मुक्कामाचं फाकदिंग २,६१० मीटरवर, म्हणजे लुक्ल्यापेक्षा खाली आहे. तीन-चार तासांत पोहोचाल. पोहोचल्यावर झोपू नका, नदीकाठी फिरा.

वाटेत घाट गावाशी रस्त्यावर प्रचंड शिळा लागतात, त्यांवर 'ओं मणि पद्मे हुं' कोरून अक्षरं पांढरी रंगवलेली. या मणी-शिळा आणि मणी-भिंती नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, वाट थोडी लांब पडली तरी. त्यांवर बसायचं नाही, सॅक टेकवायची नाही.

झुलते पूल इथूनच सुरू होतात. खाली दुधासारखी फेसाळणारी दूधकोशी. पुलाच्या अलीकडे थांबून आधी घंटांचा आवाज ऐका. समोरून खेचरं किंवा जोप्क्यो, म्हणजे याक आणि गाईचा संकर, येत असतील तर पुलावर पाऊल टाकू नका. आणि वाटेत कुठेही जनावरांचा तांडा आला तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा किंवा पोत्याचा नुसता धक्कासुद्धा माणसाला खाली ढकलायला पुरतो. या ट्रेकमधली ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे.

दुसऱ्या दिवशी बहुतेक गट फाकदिंगहून थेट नामचे गाठतात. नवख्यांनी तसं करू नये. मोंजोला, २,८३५ मीटरवर, मुक्काम करा. तीन तासांची चाल, दुपार मोकळी. भोवती बटाट्याची आणि कोबीची वाफे घातलेली शेतं आहेत, वर थामसेर्कूचा बर्फ.

तिसरा आणि चौथा दिवस : नामचे

मोंजोच्या नाक्यावर परवाना दाखवला की तुम्ही सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात शिरता. १९७६ मध्ये हे उद्यान झालं आणि १९७९ पासून ते जागतिक वारसा आहे. जोरसल्लेला उतरून नदी ओलांडली की भोटेकोशी आणि दूधकोशीच्या संगमावर, खूप उंचावर बांधलेला पूल येतो. त्यापुढे चढ.

इथे एक नेपाळी शब्द शिकून घ्या : बिस्तारै. हळूहळू. नाकाने श्वास घेत बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजा. निम्म्या चढावर पाइनच्या झाडांत एक टेकाड आहे, तिथून हवा स्वच्छ असेल तर पहिल्यांदा एव्हरेस्ट दिसतो, झाडांच्या फांद्यांमधून, लांबवर, ल्होत्सेच्या शेजारी.

माझ्या दुसऱ्या ट्रेकला सव्वीस वर्षांचा एक मुलगा होता. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करणारा, गटातला सगळ्यात तगडा. त्याने हा चढ दोन तासांत मारला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तो नामचेच्या चौकात आमची वाट बघत कॉफी घेत बसला होता. संध्याकाळी तो जेवला नाही. "थोडं डोकं जड आहे" म्हणाला. रात्री दोनदा उलटी झाली. गाईडने त्याला खोलीबाहेर काढून एका सरळ फळीवरून, टाचेला चवडा लावत, चालायला लावलं. तो नीट चालू शकला, म्हणून उजाडेपर्यंत थांबायचं ठरलं. तोल गेला असता तर रात्रीच खाली न्यावं लागलं असतं. सकाळी सहाला गाईड त्याला घेऊन मोंजोला उतरला. दुपारी बाराला त्याचा फोन आला, की तो दुसऱ्यांदा भात वाढून घेतोय. एक दिवस थांबून तो हळूहळू परत वर आला आणि खुमजुंगही त्याने पाहिलं.

विरळ हवेच्या आजाराबद्दल लक्षात ठेवायचं ते एवढंच. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर, भूक जाणं किंवा विलक्षण थकवा यातलं काहीही असेल, तर त्याच उंचीवर थांबा, वर जाऊ नका. थांबूनही वाढत असेल तर खाली उतरा. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं, यात क्षणाचाही उशीर नको, रात्र असो की बर्फ पडत असो, खाली. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. अॅसिटाझोलामाईडची गोळी पुष्कळ जण घेतात. ती घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. दारू पूर्ण वर्ज्य, झोपेच्या गोळ्याही. आणि लपवू नका. आपल्यामुळे गट थांबेल या संकोचाने माणसं डोकेदुखी लपवतात आणि तिथूनच गोष्ट बिघडते.

चौथा दिवस नामचेतच. घोड्याच्या नालेसारखं, डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांनी बसलेलं हे गाव ३,४४० मीटरवर आहे. खालच्या बाजूला ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत. सकाळी उद्यानाच्या कार्यालयाजवळच्या टेकडीवर जा. तेनझिंग यांचा पुतळा आहे आणि त्यामागे एव्हरेस्ट, ल्होत्से, अमा दबलम एका रांगेत. जमलं तर हा दिवस शनिवार येईल असं बघा. शनिवारी नामचेचा आठवडी बाजार असतो. खालच्या गावांतून डोक्यावरच्या पट्ट्याने ओढून आणलेल्या टोपल्यांत तांदूळ, अंडी, संत्री, मिरच्या. आपल्याकडच्या बाजारासारखाच गलका, फक्त प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून आलेली. ते पाहिल्यावर वर जाता जाता पदार्थ महाग का होत जातात, हे कुणी समजावून सांगायला लागत नाही आणि घासाघीस करायला तोंड होत नाही.

खाणं-राहणं

लॉजमधल्या खोल्या फळ्यांच्या, दोन पलंग, जाड रजई. खोलीचं भाडं कमी असतं, कारण जेवण तिथेच घ्यायचं हे गृहीत असतं. दुसरीकडे जाऊन जेवणं हा यजमानांचा अपमान आहे. गरम पाण्याची अंघोळ, मोबाईल चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे. अंघोळ नामचेपर्यंत करा, पुढे थंडी वाजून आजारी पडण्यापेक्षा नकोच.

शाकाहारी माणसाला इथे काहीच अडचण नाही. डाळ-भात-तरकारी दोन्ही वेळा घ्या. ती हवी तितकी वाढतात आणि पुरे म्हणायचं असेल तेव्हा ताटावर हात धरून म्हणायचं, "पुग्यो." मांसाहार करणाऱ्यांनाही मी तिथे तो टाळायला सांगते. खुंबूत जनावर मारत नाहीत, मांस खालून दोन-तीन दिवस चालत येतं. लसणाचं सूप रोज घ्या, निदान त्यामुळे पाणी तरी पोटात जातं. दिवसाला तीन-चार लिटर पाणी जायलाच हवं.

पाचवा आणि सहावा दिवस : खुमजुंग आणि खुंदे

नामचेच्या पाठीवरचा चढ उभा आहे, तासाभराने स्यांगबोचेची मातीची धावपट्टी लागते. पुढे ३,८८० मीटरवर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेल. तिथे राहणं महाग आहे, पण गच्चीवर बसून एक चहा प्याच. मग जुनिपरच्या झुडपांतून अर्ध्या-पाऊण तासात खुमजुंगमध्ये उतरायचं.

या ट्रेकवरचं माझं सगळ्यात आवडतं गाव हेच. हिरव्या पत्र्यांची घरं, दगडी गडगे घातलेली बटाट्याची शेतं, आणि डोक्यावर खुंबिला. खुंबिला हे या मुलखाचं ग्रामदैवत, ५,७६१ मीटर उंच. त्याच्यावर कुणी चढत नाही. एव्हरेस्टवर जाणारे शेर्पासुद्धा आधी त्याला हात जोडतात. भिंतींवर याकच्या शेणाच्या थापलेल्या गोवऱ्या वाळत असतात. आपल्या गावाकडच्या घराची भिंतच जणू, बोटांच्या ठशांसकट.

हिलरींनी १९६१ मध्ये सुरू केलेली शाळा इथे आहे, गावाच्या खालच्या अंगाला. शाळा चालू असताना वर्गात डोकावू नका, मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर शिक्षकांना भेटून काय लागतं ते विचारा. वर गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ आहे, तिथे कुलूपबंद पेटीत यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोक्याची कातडी म्हणून एक केसाळ टोपीसारखी वस्तू ठेवली आहे. १९६० मध्ये हिलरी ती तपासायला परदेशी घेऊन गेले, तेव्हा गावचे वडीलधारे खुंजो चुंबी तिच्यासोबत गेले होते. ती सेरो नावाच्या डोंगरी जनावराच्या कातड्याची निघाली. गावाने ती तरीही जपून ठेवली आहे. पेटी उघडून दाखवली तर दानपेटीत पैसे टाका. गोम्पात बूट बाहेर, टोपी हातात, फोटो विचारूनच.

दोन रात्री इथे राहा. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांवरच्या खुंदेला जा. १९६६ पासून चालू असलेला दवाखाना तिथे आहे. तिथून मागच्या टेकाडावर हळूहळू चढा. पहाटे लवकर गेलात तर डांफे, म्हणजे मोराच्या रंगाचा तो मोठा कोंबडीसारखा पक्षी, शेतांत बटाटे उकरताना दिसतो.

आणि संध्याकाळी गाईडला सांगून स्वयंपाकघरात बसा. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या दिदींनी जमिनीत पुरून ठेवलेले बटाटे काढले, धुतले आणि भोकं पाडलेल्या पत्र्यावर किसायला घेतले. किसाचं पाणी पिळलं नाही, त्यातच थोडं पीठ घातलं. चुलीवरचा सपाट तवा तापला तसं मिश्रण हाताने पसरवलं, थालीपीठ थापावं तसं, पण पातळ. कडा सुटून वर यायला लागल्या की उलटलं. वर लोण्याचा गोळा आणि चीज-मिरचीची वाटलेली चटणी. याला रिकी कुर म्हणतात. मी किसणीसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी किसणी दिली, पण माझी बोटं वाचावीत म्हणून शेवटचा तुकडा दर वेळी स्वतः काढून घेतला. त्यांचं नाव विचारलं. बुधवारचा जन्म होता.

चुलीजवळ बसताना एवढं सांभाळा. चुलीत कागद, कचरा, खरकटं टाकायचं नाही. चूल देवाची आहे. पाय तिच्याकडे किंवा देवघराकडे करून बसायचं नाही. लोण्याचा खारट चहा दिला तर घोट घोट घ्या, कप रिकामा झाला की लगेच भरतात. निघताना भरलेला ठेवला तर चालतं.

दोन दिवस हाताशी जास्त असतील तर नामचेहून पश्चिमेला ठामेला जा. तेनझिंग यांचं बालपण तिथे गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये वरचं हिमतळं फुटून आलेल्या पुराने गावातली घरं, शाळा आणि आरोग्यकेंद्र वाहून गेलं. तिथे मुक्काम केला, जेवलात, तर पैसे सरळ गावात जातात.

उतरणं

सातव्या दिवशी खुमजुंगहून नामचेमार्गे मोंजो, आठव्या दिवशी मोंजोहून लुक्ला. दोन्ही दिवस पाच-सहा तासांचे आहेत. गुडघ्यांना पट्टे बांधा, काठ्या लांब करून घ्या. लुक्ल्याआधीचा शेवटचा तास चढाचा आहे, येताना जे सहज उतरलो होतो तेच. त्यासाठी दुपारी चिक्कीचा एक तुकडा राखून ठेवा.

लुक्ल्याच्या संध्याकाळी गाईड आणि पोर्टर यांना सोबत जेवायला बसवा. बक्षिसी गटाने आधीच गोळा करून दोन पाकिटांत भरून ठेवावी, पोर्टरचं पाकीट त्याच्याच हातात द्यावं, गाईडकरवी नव्हे. चांगल्या स्थितीतले हातमोजे, थर्मल, टोपी द्यायची असेल तर विचारून, धुऊन, घडी घालून द्या. मग लॉजमालकांना सांगून विमानाची खात्री करा, सॅकचं वजन करा आणि लवकर झोपा. पहिली विमानं उजाडता उजाडता येतात. खाली दरीत घरघर ऐकू आली की बूट घालून तयार असायचं.